उतारवयातील बळ आणि आपले ताट

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त झालेले व्याख्यान)



वर्धापनदिनाच्या दिवशी जड विषय नको, असे चिटणीसबाईंनी मला आधीच बजावले आहे. परंतु गेल्या वर्षभरात आपल्या मंडळात आणि आळीत एक प्रश्न मला इतक्या जणींनी विचारला की, आजची संधी त्यासाठीच घ्यावी असे मी ठरविले. प्रश्न असा: "सासूबाईंचे पाय गळून गेलेत. दुकानात अमिनो आम्लांच्या पुडीचा डबा मिळतो म्हणतात, तो द्यावा का?" कोणी आईसाठी विचारते, कोणी स्वतःसाठी. एकीने तर दोन महिन्यांची भिशी मोडून डबा आणलाही होता. मी डॉक्टर नव्हे. शाळेत गृहशास्त्र शिकविण्यात माझी वर्षे गेली. तेव्हा औषध सांगणे हा माझा अधिकार नाही. पण अन्नाविषयी जे निश्चित ठाऊक आहे, ते आपल्यापुढे ठेवणे हे माझे काम मी समजते.

प्रथम हे गळून जाणे म्हणजे काय ते पाहू. माणसाच्या शरीरातील स्नायू तिशी-चाळिशीनंतर हळूहळू कमी होऊ लागतात. दर दहा वर्षांत शेकडा ३ ते ८ इतकी ही घट होते आणि साठीनंतर तिचा वेग वाढतो. बायकांच्या बाबतीत मासिक पाळी जाण्याच्या सुमारास तो अधिक जाणवतो. वजनाच्या काट्यावर हे नेहमी दिसत नाही, कारण स्नायू जातो आणि त्याच्या जागी चरबी येते. दिसते ते निराळ्या रीतीने. खाली बसले की उठताना हात टेकावा लागतो, पाण्याची कळशी जड वाटते, रस्ता ओलांडताना पाऊल उचलत नाही आणि एखाद्या दिवशी न्हाणीघरात पाय घसरतो. पडल्यावर खुब्याचे हाड मोडले की घरातले सारे घड्याळ त्या खाटेभोवती फिरू लागते. या झिजेला १९८९ साली आयर्विन रोझेनबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञाने 'सार्कोपेनिया' असे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ मांसाची उणीव. आपल्याकडे मात्र त्याला अजूनही "वय झालं, चालायचंच" एवढेच म्हणतात. म्हणूनच त्यावर उपाय होत नाही.

आता अमिनो आम्ले म्हणजे काय? आपण खातो त्या डाळीतले, दुधातले, अंड्यातले प्रथिन म्हणजे मण्यांची माळ समजा. त्यातील मणी म्हणजे अमिनो आम्ले. पोटात माळ तुटते, मणी सुटे होतात आणि शरीर त्यांची नवी माळ ओवते. कधी स्नायूची, कधी केसांची, कधी रक्तातील द्रव्यांची. असे मणी २० प्रकारचे आहेत. त्यांतील ९ शरीराला स्वतः करता येत नाहीत, ते अन्नातूनच यावे लागतात. या नऊंपैकी एक जरी कमी पडला तरी माळ तिथेच अडते, मग बाकीचे आठ कितीही असोत. हे एवढे ध्यानात ठेवले तर आजचे अर्धे व्याख्यान तुम्हाला समजले असे मी म्हणेन.

ही गोष्ट प्रथम कशी उमगली तेही सांगण्याजोगे आहे. इंग्लंडातील केंब्रिज येथे फ्रेडरिक हॉपकिन्स नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी १९०१ साली ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल शोधून काढले. १९०६ साली त्यांनी व त्यांच्या सहकारी विलकॉकबाईंनी उंदरांना मक्यातील एकच प्रथिन देऊन पाहिले. त्या प्रथिनात ट्रिप्टोफॅन नसते. उंदीर लवकर मेले. मग काहींच्या अन्नात ट्रिप्टोफॅन मिसळले, तेव्हा ते अधिक दिवस जगले. परंतु वाढले मात्र नाहीत. कारण मक्याच्या त्या प्रथिनात लायसिन नावाचा दुसरा मणीही नव्हता, हे पुढे १९१४ च्या सुमारास अमेरिकेत सिद्ध झाले. एक मणी घातला तर जीव तगला, पण अंग भरले नाही. आजच्या डब्यांची गोष्टही पुष्कळशी अशीच आहे, ती पुढे येईलच.

याच हॉपकिन्स साहेबांच्या प्रयोगशाळेत पुढे आपली एक मराठी मुलगी काम करावयास गेली. कमला भागवत हे तिचे नाव; विवाहानंतर त्या कमला सोहोनी झाल्या. लेखिका दुर्गा भागवत यांच्या त्या धाकट्या बहीण. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन बंगलोरच्या विज्ञान संस्थेत संशोधनासाठी गेल्या, तेव्हा संचालक सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून त्यांना नकार दिला. कमलाबाईंनी हट्ट सोडला नाही. अखेर अटी घालून त्यांना प्रवेश मिळाला आणि त्यांचे काम पाहून पुढे संस्थेची दारे इतर मुलींनाही उघडली. बंगलोरला त्यांनी काय तपासले? दूध आणि डाळी-कडधान्ये यांतील प्रथिने. १९३९ साली केंब्रिजची पीएच. डी. मिळविली, विज्ञानात ही पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. परत आल्यावर मुंबईच्या विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी नीरा, डाळी-कडधान्ये आणि तांदळाचे पीठ अशा गरिबांच्या अन्नावरच संशोधन केले. कच्च्या कडधान्यांत पचनाला अडथळा करणारी काही द्रव्ये असतात, तीही त्यांच्या अभ्यासाचा विषय होती. १९९८ साली त्या निवर्तल्या. मैत्रिणींनो, इतकी मोठी विदुषी उभा जन्म आपल्या कोठीतील मडक्यांत काय आहे हे पाहत राहिली, आणि आपण मात्र ती मडकी ओलांडून परदेशी चित्रांचा डबा शोधतो, याचे मला नवल वाटते.

आता या मडक्यांत डोकावू. पाथर्डी तालुक्याचे अन्न म्हणजे बाजरी-ज्वारीची भाकरी. शंभर ग्रॅम बाजरीच्या पिठात सुमारे ११ ग्रॅम प्रथिन असते, ज्वारीत १०. मात्र धान्यात लायसिन कमी. तूर, मूग, मटकी, हरभरा आणि आपला हुलगा यांत शंभर ग्रॅमला २० ते २४ ग्रॅम प्रथिन आणि लायसिन भरपूर. त्यांत मेथिओनिन नावाचा मणी तेवढा कमी, जो धान्यात आहे. म्हणजे भाकरी आणि डाळ एका ताटात आली की एकीची उणीव दुसरी भरून काढते. आपल्या आज्यांना अमिनो आम्लांची नावे ठाऊक नव्हती, पण बाजरीच्या भाकरीबरोबर पिठले, हुलग्याचे शेंगोळे, मटकीची उसळ ही जोडी त्यांनी पक्की बांधून ठेवली होती. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला सुमारे २५ ग्रॅम, एका अंड्यात ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६ ते ७ ग्रॅम. अंडे आणि दूध यांत नऊही मणी पुरेसे असतात. याउलट उपासाच्या साबुदाण्यात प्रथिन जवळजवळ नाहीच. खिचडीत जे काही बळ आहे ते दाण्याच्या कुटाचे. नवरात्रात मोहट्याला पायी जाणाऱ्या बायकांनी नऊ दिवस साबुदाण्यावर काढण्यापेक्षा राजगिरा, दूध, ताक आणि दाणे यांवर भर द्यावा. देवीला तेही चालते.

रोज किती लागते? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेल्या प्रमाणानुसार प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिन हवे. ५० किलोच्या बाईला हे ४१ ते ४२ ग्रॅम होते. पासष्टीपुढे शरीर तेवढ्याच अन्नातून पूर्वीइतका स्नायू बांधीत नाही, म्हणून दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम असावे, म्हणजे ५० ते ६० ग्रॅम, असे २०१३ साली तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने सुचविले आहे. आता आपल्या घरातील म्हातारीचा दिवस मोजू. सकाळी चहा आणि बटर. दुपारी दीड भाकरी, ठेचा, थोडी भाजी. रात्री एक भाकरी, मूठभर भात आणि पातळ आमटी, जिच्यात डाळ शोधावी लागते. सारे मिळून विसाच्या थोडे पुढे जाते. म्हणजे निम्मे. आणि हे एक दिवसाचे नाही, वर्षानुवर्षांचे आहे.

असे का होते? आपली गरिबी हे एक कारण आहेच. आपला तालुका अवर्षणाचा. दिवाळीच्या आगेमागे गावोगावचे ऊसतोडीचे गडी-बायका कोयता घेऊन कारखान्यांकडे निघतात आणि मागे नातवंडांसह म्हातारी माणसे राहतात. एकट्या जिवासाठी कोण डाळ शिजविते? भाकरी थापली, ठेच्याशी खाल्ली, झाले. तिकडे फडावरच्या लेकीसुनांचेही तेच. "आम्हाला कशाला व्यायाम, आम्ही मोळ्या वाहतो," असे त्या म्हणतात. खरे आहे, पण श्रमाला पुरेसे अन्न आणि विश्रांती यांची जोड नसेल तर श्रम स्नायू बांधीत नाहीत, तो झिजवितात.

पण दुसरे कारण गरिबीचे नव्हे, ते आपणच पाळलेले आहे. घरात डाळ शिजते, अंडीही येतात. आधी पुरुषांना, मग मुलांना वाढले जाते आणि शेवटी बायका बसतात. तोवर भांड्याच्या तळाशी आमटीचे पाणी उरते. सासूबाई म्हणतात, "मला दातांनी चावत नाही, तुम्ही खा." सून म्हणते, "मला एवढंसंच पुरतं." त्यागाचे हे कौतुक आपण पुरे करावे, असे मी आज स्पष्टच म्हणते. कारण याच त्यागाची भरपाई म्हणून पुढे हजारांचा डबा आणावा लागतो.

तो डबा काय करतो ते आता पाहू. डब्यांचे मुख्य प्रकार दोन. एकात दुधाचे किंवा सोयाबीनचे प्रथिन असते. ते अन्नच आहे, महाग अन्न. दुसऱ्यात सुटी अमिनो आम्ले असतात, आणि त्यांतही पुष्कळ डब्यांत ल्युसिन, आयसोल्युसिन व व्हॅलिन ही तीनच असतात. ल्युसिनचे महत्त्व खोटे नाही. स्नायू बांधावयास घ्या, अशी हाक शरीराला तेच देते. पण हाक मारून गवंडी आले आणि विटाच नाहीत, तर भिंत कशी उठणार? बाकीचे सहा आवश्यक मणी ताटातूनच यावयाचे. हॉपकिन्सच्या उंदरांची गोष्ट इथे आठवावी.

मग पूर्ण नऊ आम्लांची पुडी घेतली तर? याची परीक्षा आपल्यासारख्याच बायकांवर झाली आहे. जपानात ७५ वर्षांवरील, स्नायू झिजलेल्या १५५ स्त्रिया घेऊन केलेला प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. काहींना ल्युसिन अधिक असलेली आवश्यक अमिनो आम्लांची ३ ग्रॅमची पुडी दिवसातून दोनदा दिली, काहींना आठवड्यातून दोनदा तासभर व्यायाम, काहींना दोन्ही, आणि काहींना आरोग्याची माहिती तेवढी. तीन महिन्यांनी गुडघ्याचे बळ वाढलेले आढळले ते दोन्ही मिळालेल्या बायकांचे. त्याआधी १९९४ साली अमेरिकेतील बोस्टन येथे वृद्धाश्रमातील १०० दुबळ्या माणसांवर दहा आठवड्यांचा प्रयोग झाला. त्यांचे सरासरी वय ८७, आणि त्यांत स्त्रिया अधिक. ज्यांनी पायांचा वजनाचा व्यायाम केला त्यांचे बळ दुपटीहून अधिक झाले. ज्यांना केवळ पोषक पेय दिले त्यांच्या बळात काही फरक पडला नाही. सत्त्याऐंशीव्या वर्षी बळ दुप्पट होते, भगिनींनो! "आता या वयात काय" हे वाक्य आपण त्या दिवसापासून विसरावयास हवे होते.

यातून निष्पन्न होते ते हे: स्नायूला आधी काम हवे, मग पूर्ण अन्न हवे, आणि पुडी आलीच तर या दोघांच्या मागे. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शिकेतही शरीर कमाविण्यासाठी प्रथिनांच्या पुडी टाळाव्यात असेच सांगितले आहे. त्यांत साखर व कृत्रिम स्वाद असू शकतात. त्याच वर्षी केरळातील डॉक्टरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बाजारातील ३६ प्रथिन-पुडी तपासल्या, तेव्हा शेकडा सत्तरांच्या आसपास डब्यांवरील प्रथिनाचा आकडा खरा निघाला नाही. डब्यावरचे बारीक अक्षर वाचा. 'औषधी उपयोगासाठी नाही' असे तिथे लिहिलेले असते, कारण कायद्यानेच ते लिहावे लागते. दुकानदार तोंडाने काहीही सांगो.

म्हणून डबा सर्वांनाच वर्ज्य आहे असे नव्हे. मोठी शस्त्रक्रिया झाली, कर्करोगाचे उपचार चालू आहेत, तोंडात घास घेववत नाही, अशा वेळी डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ पुडी सुचवितात आणि ती अवश्य घ्यावी. मात्र मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा विकार असेल तर पुडीच काय, डाळ वाढविण्यापूर्वीही डॉक्टरांना विचारावे. ही सूचना कृपा करून हलकी समजू नये.

आजारपणाविषयी आणखी एक गोष्ट. सरासरी ६७ वर्षांच्या १२ धडधाकट माणसांना दहा दिवस अंथरुणावर निजवून ठेवले, तर एकट्या पायांतून जवळजवळ एक किलो मांस गेले, असे २००७ साली दिसून आले. आणि त्यांना प्रथिन नेमाप्रमाणे मिळत होते! आपण मात्र तापातून उठलेल्या म्हातारीला महिनाभर पेजेवर ठेवतो आणि "हलू नका, पडून राहा" म्हणतो. डॉक्टरांची हरकत नसेल तर तिला लवकर बसवावे, धरून चार पावले चालवावे आणि पेजेत मुगाची डाळ घालावी.

आता घरी करावयाचे सांगते. प्रथम परीक्षा. शिलाईची टेप घेऊन पोटरीचा सर्वांत जाड भाग मोजा. २०१९ साली आशियातील तज्ज्ञांनी बायकांसाठी ३३ सेंटिमीटर ही खूण ठरविली आहे. त्याहून कमी भरली तर सावध व्हावे. दुसरे, खुर्चीवर बसून, हात छातीशी घेऊन पाच वेळा उठा-बसा. १२ सेकंद किंवा अधिक लागले तर पाय दुबळे होत आहेत. हे रोगाचे निदान नव्हे, डॉक्टरांकडे जाण्याची सूचना आहे.

व्यायाम सोपा. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हात न लावता दहा वेळा उठणे. ओट्याला धरून दहा वेळा टाचा उचलणे. भिंतीवर हात टेकून अंग पुढे-मागे ढकलणे. पाण्याने भरलेली लिटरची बाटली, म्हणजे एक किलो, हातात घेऊन खांद्यापर्यंत नेणे. आठवड्यातून निदान दोन दिवस, आणि सोपे वाटू लागले की थोडे वाढवावे. जाते, उखळ आणि विहिरीचा रहाट गेले ते बरेच झाले. त्यांनी पुष्कळींच्या कमरा मोडल्या. पण त्यांच्या जागी काहीच आले नाही, ती जागा आपण भरावयाची आहे. तरुण मुलींनी फुगडी आणि मंगळागौरीचे खेळ श्रावणापुरते ठेवू नयेत.

ताटाचे म्हणाल तर पन्नास किलोच्या बाईचा दिवस असा जमतो: सकाळी पेलाभर दूध आणि मोड आलेल्या मटकीची वाटीभर उसळ, दुपारी दीड भाकरी, घट्ट पिठले आणि मूठभर दाणे, रात्री भाकरी, डाळ आणि एक अंडे, किंवा अंडे चालत नसेल तर वाटीभर दही. हे पंचेचाळीस ग्रॅमांपुढे जाते. साठीच्या पुढे डाळीची एक वाटी वाढवावी. कडधान्य भिजवावे, मोड आणावे आणि नीट शिजवावे. पचनाला अडथळा करणारी ती द्रव्ये त्याने कमी होतात. दात नसतील तर उसळ ठेचून द्यावी, मुगाचे धिरडे करावे, हुलग्याचे माडगे करावे. दिवसाचे सारे प्रथिन एकाच जेवणात न ढकलता तिन्ही वेळांना वाटून द्यावे.

शेवटी मंडळापुढे तीन सूचना मांडते. पहिली, सुगीच्या दिवसांत भिशीतून एकत्र डाळी-कडधान्ये घेऊन वाटून घ्यावीत आणि ज्यांची मुले ऊसतोडीला गेली आहेत अशा एकट्या म्हाताऱ्यांचा वाटा त्यात धरावा. दुसरी, दर बैठकीची पहिली दहा मिनिटे खुर्चीच्या व्यायामाला द्यावीत आणि वर्षातून दोनदा सर्वांच्या पोटऱ्या मोजून वहीत लिहाव्यात. पुढच्या वर्धापनदिनी ती वहीच आपला अहवाल होईल. तिसरी सूचना पैशाची नाही, पण सर्वांत कठीण आहे. स्वयंपाक उतरला की वाढण्याआधी डाळीच्या दोन वाट्या बाजूला काढून झाकून ठेवाव्यात. एक सासूबाईंची आणि एक स्वयंपाक करणारीची. त्या वाट्यांना कोणी हात लावू नये.